नीलगिरीवर नेलेली कनात

गेल्या फाल्गुनात कडा गावी आमच्या भावकीतलं लग्न होतं. पंगती उठल्या, पान-सुपारी झाली आणि मांडवाच्या सावलीला बुजुर्ग मंडळी घराण्याच्या गोष्टी काढून बसली. त्यातल्या एकानं माझ्या थोरल्या भावाकडं हात केला आणि नव्या व्याह्यांना म्हणाला, "ह्यांनी पहिल्या बायकोला नीलगिरीला नेलतं. आपल्या मुलखातनं थेट मद्रासकडं! निसती हवा बदलायला! अशी माया करतंय का कोन बायकोवर?"

व्याही मान डोलावू लागले. दादांनी डोळे खाली घातले. मोठी माणसं स्वतःची स्तुती ऐकताना घालतात तसे. मग तो गृहस्थ माझ्याकडं वळला. "ह्यांना इचारा. हे संगं होते. पर हे बोलायचे न्हाईत. लई सालस मानूस."

मी सालस माणसासारखा गप्प बसलो. पण आतून असा जाळ उठला की हातातला विडा मी तसाच मांडवाबाहेर फेकून दिला. सालस! माझ्या गप्प बसण्याला आमच्या घरानं हे गोंडस नाव दिलं आणि मी ते पागोट्यासारखं डोक्यावर मिरवत म्हातारपणाच्या उंबऱ्याशी आलो. आता पुरे झालं. वहिनीला आम्ही नीलगिरीला नेलं हे खरं आहे. पण नीलगिरीला वहिनीपर्यंत आम्ही पोचू दिलं नाही, हे कुणी तरी सांगायला पाहिजे, आणि सांगणारा माझ्याशिवाय उरलेला नाही.

आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं, बालाघाटच्या पठारावर. देशमुखी असलेलं घर. आमच्या घरच्या बायका गोषात. म्हणजे सून एकदा उंबऱ्याच्या आत आली की तिचं आभाळ न्हाणीघरापासून देवघरापर्यंत. बाहेरगावी जायचंच झालं तर कनात लागे. कनात म्हणजे जाड लाल कापडाची भिंत, जागोजाग बांबू शिवलेले. दोन गड्यांनी दोन्ही टोकं धरायची, बाई मध्ये, आणि दारापासून गाडीपर्यंत ती भिंत चालत जायची. लहानपणी मला वाटे, कनात ही आमच्या घरची फार श्रीमंतीची वस्तू आहे.

वहिनी उमापूरकडची. साध्या कुणब्याची पोर. रूप पाहून केलेली. माहेरी ती शेतात राबलेली, गंगेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोदावरीच्या, पाण्यात पोहलेली, बैलाच्या पाठीवर बसून घरी आलेली. आमच्याकडं आली आणि माजघरात बसली. धूर, अंधार आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे वडिलांची विधवा बहीण. आई गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्या हातात. वहिनीनं कधी तक्रार केली नाही. फक्त चेष्टा करायची, तीही माझ्याशी, कारण धाकट्या दिराशी बोलायला गोषात मुभा होती.

"भावजी, तुमच्या घरात कोंबडं बांग देतंय का रडतंय, मला आजून कळंना. येवढ्या भिंतीतनं आवाजच पालटून येतोय."

तिला खोकला लागला तो धरून बसला. मग ताप, मग थुंकीत लाली. बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं दादांना स्वच्छ सांगितलं, छातीचा रोग आहे, आबोहवा बदला, थंड डोंगरावर न्या. जवळचं महाबळेश्वर होतं. पण जिल्ह्याचे अव्वल तालुकदार, म्हणजे निजामाचे कलेक्टर, उन्हाळ्यात नीलगिरीला जातात असं दादांच्या कानावर होतं. तेव्हा ठरलं, नीलगिरी. दादांची माया खोटी नव्हती. हेही मी लिहितो, नाही तर माझाच राग खोटा ठरेल. त्यांनी वहिनीसाठी काश्मिरी शाल मागवली, वैद्याच्या पुड्या स्वतः खलात घोटल्या, आणि निघायच्या दिवशी सगळ्यांत आधी गाडीत काय चढवलं? कनात.

आत्याबाई संगं निघाल्या, सोवळ्याचे डबे घेऊन. मी निघालो, कारण औरंगाबादच्या शाळेत मी इंग्रजी शिकलो होतो आणि तिकडच्या मुलखात दादांची उर्दू चालणार नव्हती. आष्टी, कडा करत नगरपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. फलाटाफलाटावर आमची लाल भिंत चालत होती. मद्रासकडची पोरं तिच्यामागं धावायची. त्यांना वाटे आत राणी आहे. आत एक खोकणारी बाई होती, जिला पाणी पाहिजे होतं.

शेवटची गाडी डोंगर चढणारी. तिचं इंजन पाठीमागं असतं, ते गाडीला वर ढकलत नेतं. खाली सुपारीची बनं, मग दऱ्या, मग अंगावर येणारे कडे, पांढरे झरे, बोगदे. मी दाराशी उभा राहून वेड्यासारखा बघत होतो. आमच्या पठारावर डोंगर म्हणजे तांबडा, उघडा, उन्हात करपलेला. डोंगर असा ओला आणि हिरवा असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या पाठीशी, डब्याच्या एका कोपऱ्यात, खिडकी ओढून, तिच्यावर सतरंजी ठोकून, वर कनातीचा एक पल्ला लावून वहिनी बसली होती.

"भावजी," ती आतून म्हणाली, "आलाव का वर?"

"अर्धं आलो. कशावरून ओळखलं?"

"कानाला दडे बसले की. लहानपनी हिरीत सूर मारला की असंच व्हायचं."

मग अचानक एक वास आला, कापरासारखा, गार. निलगिरीच्या झाडांचा. त्या वासाला कनात अडवू शकली नाही. वहिनी आतून जोरानं श्वास घेत राहिली, आणि आत्याबाई म्हणाल्या, "नाकाला पदर लाव गं, परमुलखातलं वारं हाय."

परमुलखातलं वारं! त्याच वाऱ्यासाठी आम्ही दोन मुलूख ओलांडून आलो होतो! मी तेव्हा हसलो होतो. आज त्या हसण्याचा मला संताप येतो.

कुन्नूरला आम्ही एक बंगला धरला. उतारावरचा, लाल कौलांचा, आणि चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या. बांधणाऱ्यानं तो बाहेर बघण्यासाठीच बांधला असणार. खालपासून वरपर्यंत डोंगर जणू कुणी कातरीनं कातरून ठेवला होता. चहाची झुडपं, कमरेएवढी, एकसारखी, ओळीनं. सकाळी त्यांच्यावरून ढग सरकत जायचे. दादा आत शिरले आणि पहिलं वाक्य बोलले, "येवढ्या खिडक्या? हे घर हाय का बाजार?"

सांजेच्या आत बंदोबस्त झाला. वहिनीच्या खोलीच्या खिडक्यांवर आतून सतरंज्या, घोंगड्या, जिथं त्या पुरल्या नाहीत तिथं खळ लावून कागद. दाराला कनात. थंडी फार, म्हणून आत कोळशाची शेगडी. आत्याबाई शेगडीशी, वहिनी खाटेवर, आणि खोलीत तोच धूर, तोच अंधार. आमचं माजघर आम्ही उचलून नीलगिरीवर आणून ठेवलं होतं. फरक इतकाच की गावी शेगडी नव्हती.

कुणी म्हणेल, अडाणी लोक. तसं नव्हतं हो. दादा पर्शियन वाचणारे. कोर्टात उभे राहिले तर वकिलाला गप्प करणारे. रोग छातीचा आहे, हवा हे औषध आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या हिशेबी हवा ही आपोआप लागायची गोष्ट होती, जागृत देवस्थानाच्या गावात नुसतं राहिलं तरी पुण्य लागतं तशी. त्या गावात आणून ठेवलं की झालं. दार उघडायचं काय कारण?

मी मात्र मोकळा. सकाळ-संध्याकाळ भटकायचा. आणि आलो की वहिनीच्या खाटेशी स्टुलावर बसून तिला सगळं सांगायचा. ती विचारायची ते प्रश्न मला अजून तसेच ऐकू येतात.

"चहाचं झाड केवढं आसतं?"

"कमरेएवढं."

"आन् फळ?"

"फळ नाही. पाला खुडतात."

"पाला? आन् ह्या पाल्यापायी सायब लोक येवढा डोंगर चढून आले? शेळ्याच म्हनायच्या की."

आत्याबाईसुद्धा हसल्या त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी खिशातून एक डहाळी आणली. वहिनीनं चुरगाळली, हुंगली. "हिला तर काईच वास न्हाई. तुमाला फशिवलं बघा कुनी तरी." तिनं हट्टानं ती पानं शेगडीवर उकळली, गूळ घातला, आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कडब्याचं पानी!" पण पेला खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून बसली, म्हणाली, "पाला खुडनाऱ्या बायका डोक्यावरनं पदर घेतात का वो?"

"टोपली असते डोक्यावरून पाठीला सोडलेली. पदर खोचलेला."

"आन् त्यांचे दीर, सासरे?"

"तिथंच असतील. राबत."

तिनं आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "बरं हाय."

ती खालावत होती. ते पाहून दादांनी तिथला एक डॉक्टर बोलावला. तिकडचाच माणूस, काळासावळा, उंच, आवाज घोगरा आणि मोठा. दाराशी कनात पाहून थबकला. दादांच्या सांगण्यावरून मी त्याला समजावलं, बाई गोषात आहेत, हात बाहेर काढतील, नाडी बघा. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघू लागलो. नाडी पाहिली. मग खोलीतला धूर बाहेर आला, त्याचा त्यानं वास घेतला आणि तो इंग्रजीत बोलू लागला. बराच वेळ बोलला. हातवारे करून, खिडक्यांकडं बोट दाखवून. मला प्रत्येक शब्द कळत होता.

तो म्हणाला, औषध माझ्या बाटलीत नाही, या दाराबाहेर आहे. तिला सकाळपासून उजेड असेतो उघड्यावर ठेवा, अंगावर पांघरूण घाला पण तोंडावर नको. चालवेल तितकं चालू द्या. ती शेगडी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. आणि शेवटी, अगदी चिडून, इतक्या लांब कशासाठी आणलंत तिला? ही खोली तर तुमच्या गावातही होती.

दादांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "हवा खेळती ठेवा म्हणतात."

एवढंच. एवढं सगळं बोलणं आणि मी त्याचे चार शब्द केले. दादांनी मान हलवली, एका खिडकीची घोंगडी वीतभर सरकवायला सांगितली, आणि हवा खेळती झाली! डॉक्टर पायऱ्या उतरून गेला. त्याला वाटलं, सांगितलं म्हणजे पोचलं.

का केलं मी तसं? दादांचा धाक होता, हे खरं. वडिलांच्या मागं त्यांनीच मला वाढवलेलं, त्यांच्यापुढं मान वर करून बोललो नव्हतो. सगळ्या जगाला हे कारण पटेल, मलाही फार वर्षं पटत होतं. पण धाक हा निम्माच. उरलेलं निम्मं आज पहिल्यांदा लिहितो. वहिनीची खिडकी मी होतो. ढग मी आणायचा, झरा मी आणायचा, डहाळी मी आणायचा, आणि ती दिवसभर माझ्या पावलांची वाट बघायची. मला ते आवडत होतं. ती स्वतः बाहेर गेली असती तर माझं काय काम उरलं असतं? यात वाईट वासना नव्हती, असं मी म्हणू शकतो. पण स्वार्थ होता, आणि तो कुठल्याही वासनेपेक्षा स्वस्त नव्हता. दादांनी तिला इज्जतीसाठी कोंडलं. माझं ऐकणारं कुणी असावं म्हणून मी तिला कोंडू दिलं.

डॉक्टर गेल्यावर वहिनीनं मला हाक मारली.

"काय म्हनले वो डाक्तर?"

"हवा खेळती ठेवा म्हणाले."

"येवढा येळ वरडत होते आन् येवढंच?"

मी खिडकीवरची घोंगडी नीट करू लागलो.

"गप कावून?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनंच नजर काढून घेतली, जणू मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. "ऱ्हाऊ द्या. त्यांची बोली लांबडी आसंल."

तिला कळलं होतं. ती दूधखुळी नव्हती.

पुढं काही दिवसांनी हैदराबादेहून आलेल्या एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर दादा सलामाला गेले. दुपार होती. ऊन पडलं होतं, तिकडचं मऊ ऊन. आत्याबाईंना शेगडीशी डुलकी लागलेली. मी ओसरीवर बसलो होतो तर मागचं दार वाजलं आणि वहिनी बाहेर आली. अनवाणी, अंगाभोवती शाल. डोळे मिचकावत, एक हात कपाळावर धरून.

"चला भावजी. दावा तुमचं झाड."

मी तिला अडवलं नाही. या साऱ्या प्रकरणात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

उतारावरून ती झुडपांच्या ओळीत शिरली. चार पावलं जायची, थांबायची, भोवती बघायची, पुन्हा जायची. खाली बायका खुडत होत्या, पाठीवर टोपल्या, तोंडानं काही तरी बडबड. त्यांनी हिला पाहिलं आणि एकीनं हाक मारली. वहिनी मराठीत म्हणाली, "आले, आले!" जशी शेजारणीच्या हाकेला ओ द्यावी. त्यांच्यात जाऊन उभी राहिली. एका म्हाताऱ्या बाईनं तिला खुडून दाखवलं, शेंड्याची दोन पानं आणि मधला कोंब. वहिनी खदखदून हसली.

"भावजी! ही तर हरभऱ्याची भाजी हो! आमी पोरी आसंच शेंडे खुडायचो. खुडलं की झाड आनखी फुटतंय, आनखी पसरतंय. येवढं मी तुमाला घरबसल्या सांगितलं आसतं!"

आणि तिची बोटं चालू लागली. दोन्ही हातांनी, झाडाकडं न बघता. त्या बायका टाळ्या पिटून हसल्या. ओंजळ भरली की ती म्हातारीच्या टोपलीत टाकायची. गालावर रंग आला होता. दम लागत होता, पण खोकला नव्हता. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो, खोकला नव्हता. मध्येच थांबून, तोंड वर करून तिनं श्वास घेतला, पोटापर्यंत, पाणी प्यावं तसा. म्हणाली, "हितं छातीवरला धोंडा उतरतोय, भावजी. मला रोज आनाल का?"

"आणीन," मी म्हणालो.

तेवढ्यात वरच्या सडकेवर दादा दिसले. आणि मागच्या दारात आत्याबाई, कपाळावर हात मारत, "आगं बया, आगं बया" करत.

दादा ओरडले नाहीत. परक्यांच्या देखत ओरडणं खानदानी माणसाला शोभत नाही. ते उतरून माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कनात आण."

मी गेलो आणि कनात आणली.

माझ्या हाती काय काय होतं त्या क्षणी! म्हणता आलं असतं, दादा, डॉक्टरांनी हेच सांगितलंय. ते सगळं बोलणं माझ्या जिभेवर तयार होतं. मी कनात आणली. एक बांबू दादांनी धरला, एक मी, आणि मधल्या लाल भिंतीत वहिनीला घेऊन आम्ही तो चढ चढू लागलो. झुडपांच्या ओळी अरुंद, कापड फांद्यांत अडकायचं, दादा ओढायचे. खुडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग त्यांतली एक तरुण पोर फिसकन हसली. ते हसणं रास्त होतं. उघड्या डोंगरावर दोन बाप्ये एका बाईला कापडात घालून नेत होते. खरं तर दगड मारायला हवे होते त्यांनी.

चढ उभा होता. आतून खोकला सुरू झाला. "वाईच बसू द्या," वहिनी म्हणाली.

"वर गेल्यावर," दादा म्हणाले.

कनातीचं असं असतं की आतल्या माणसाला भिंतीच्या चालीनं चालावं लागतं. आम्ही थांबलो तरच ती थांबणार. मी थांबलो असतो तर दादांना थांबावंच लागलं असतं. एका टोकानं कनात चालत नाही. मी थांबलो नाही. त्या बांबूची गाठ माझ्या तळहाताला रुतत होती, ती जागा मला आजही दाखवता येईल.

मग मागच्या दाराला कुलूप लागलं. घोंगडी पुन्हा खाली आली. दादांचं तिथून मन उडालं, "अंमलदारसाहेबांच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवू?" एवढंच त्यांचं चाललं होतं. महिनाभर तरी राहू म्हणून आलेलो, ते आधीच सामान बांधलं. जाताना तोच कोपरा, तीच सतरंजी. डोंगर उतरताना वहिनी एकदाच बोलली.

"कान मोकळे झाले, भावजी. उतरलो आपन."

मळ्यातली तूर निघायच्या आत ती गेली. माजघरात.

दादा रडले. ऊर बडवून रडले, मी पाहिलं आहे. "येवढं केलं, नीलगिरीला नेलं, पर तिचं आयुष्यच न्हवतं," असं जो येईल त्याला सांगत. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवत. वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न झालं, मुलं झाली. आणि "आयुष्य नव्हतं" ही गोष्ट गावोगाव फिरत फिरत शेवटी कड्याच्या मांडवात व्याह्यांपुढं पानसुपारीसारखी फिरली. आयुष्य नव्हतं? तिच्यात आमच्या सगळ्या घराला पुरून उरेल एवढं आयुष्य होतं. मी ते ओंजळीनं टोपलीत पडताना पाहिलं आहे.

वाटण्या झाल्या तेव्हा कनात माझ्या वाट्याला आली. कुणी मागितली नाही, म्हणून माळ्यावर पडून राहिली. कड्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती खाली काढली आणि खळ्यातल्या कडब्याच्या गंजीवर टाकली. वर दगड ठेवले. बायको म्हणाली, "आहो, चांगलं कापड हाय." मी म्हणालो, "म्हणूनच. गंज तरी झाकंल."

चैत्रात पुतण्या आला. दादांचा हा थोरला मुलगा. त्याची बायको पहिलटकरीण, पायांना सूज चढलेली, पाटोद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाहेर ऊन असं की पाखरू उडत नव्हतं.

"काका, आबांनी कनात मागितलीय. गाडीला चौफेर लावायचीय."

"गंजीवर हाय," मी म्हणालो.

तो हसला, त्याला थट्टा वाटली. मग खळ्याकडं पाहिलं आणि तसाच माघारी गेला. थोड्या वेळानं दादा स्वतः आले, काठी टेकत. आता ते थकले आहेत. पण आवाज तोच.

"घराण्याची कनात कडब्यावर? डोकं फिरलंय का बे तुजं?"

आणि मी बोललो. बसल्या जागेवरून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "दादा, कुन्नूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं, ते तुम्हाला पुरं सांगायचं राहिलंय."

मी सांगितलं. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली, ही खोली तर तुमच्या गावातही होती. मग शेगडी. मग उघड्यावर ठेवा, तोंडावर पांघरूण नको, चालू द्या. त्या माणसाचा घोगरा आवाज मला अजून पाठ होता, मी त्याच्याच तोऱ्यात सांगत गेलो, हातवाऱ्यांसकट. माझा आवाज चढला. बायको दारात येऊन उभी राहिली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझा असा आवाज ऐकला नव्हता.

दादा ओट्यावर बसले. काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे तवाच कावून न्हाई सांगितलंस?"

"तवा सांगितलं आसतं तर तुमी पडदे काढले आसते?"

ते काठी टेकत उठून गेले. पण त्यांचा सवाल माझ्या अंगात शिरला तो निघाला नाही, आणि माझा त्यांच्या अंगातून निघू नये अशी माझी इच्छा आहे. दोघांनी एकेक टोक धरावं. पूर्वीही असंच धरलं होतं.

संध्याकाळी ऊन कललं तेव्हा गाडी माझ्या दारावरून गेली. मागच्या-पुढच्या बाजूनं उघडी. सूनबाई गवतावर अवघडून बसली होती, पाय पसरून, पदर डोक्यावर पण तोंड मोकळं. पुतण्या बैलांच्या शेपट्या पिरगाळत होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता. दादांनी हो म्हटलं होतं की नुसते गप्प बसले होते, मला माहीत नाही. विचारलंही नाही. वेशीपाशी वारं सुटलं होतं, धुळीचं, गरम, आमच्या मुलखातलं. सूनबाईनं तोंड तिकडं केलेलं मी पाहिलं.